ज्वारी-गहू भिजवून पेरावा का? किती तास, कसा, आणि कधी अजिबात नाही

प्रश्न असा आलाय: "आमचं आठ एकर काळं रान आहे, त्यात रब्बी ज्वारी, आणि विहिरीखाली दोन एकर गहू. बी रात्रभर पाण्यात भिजवून पेरलं की उतारा वाढतो असं ऐकतो, ते खरं आहे का? किती तास भिजवायचं, पाण्यात काही टाकायचं का, औषध आधी चोळायचं की नंतर, आणि ओलं बी पाभरीतून नीट पडतं का?"

भाऊ, मी मंगळवेढ्याकडचा. घरची ज्वारी लहानपणापासून आणि कृषी सहायक म्हणून नोकरी २८ वर्षं, तीपण सगळी कोरडवाहू गावांत. भिजवलेलं बी स्वतःच्या रानात पेरलंय आणि दुसऱ्यांच्या बांधावर उभं राहून पेरून घेतलंय, त्यामुळे जे सांगतो ते डोळ्यानं बघितलेलं सांगतो. थोडक्यात हवं असेल तर ज्वारी ८ तास, गहू १० ते १२ तास, साध्या गोड्या पाण्यात, मग सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरायचं, आणि रानात ओल असेल तरच. पण एवढं वाचून लगेच बी भिजत घालू नका, कारण ह्यात दोन-तीन जागा अशा आहेत की तिथं चुकलं तर फायदा बाजूलाच राहिला, दुबार पेरणीची वेळ येते, आणि रब्बीत दुबार पेरणी म्हणजे हंगाम गेलाच समजा.

पहिलं हे समजून घ्या की भिजवल्यानं नक्की होतं काय. घरातल्या कोरड्या बियात १०-१२ टक्केच ओलावा असतो. उगवायचं तर ज्वारीच्या दाण्याला स्वतःच्या वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढं पाणी आत घ्यावं लागतं, गव्हाला अजून जास्त, ३५ ते ४५ टक्के. पाणी आत गेलं की दाण्याच्या टोकाला जो गर्भ असतो तो जागा होतो, तिथून जिबरेलिन नावाचं संप्रेरक सुटतं, त्यामुळं सालीखालच्या थरात अमायलेज हे विकर तयार होतं आणि ते दाण्यातल्या पिठाची साखर करायला लागतं, त्या साखरेवर कोंब वाढतो. दाणा पाण्यात बुडलेला असला तर चारी बाजूनी पाणीच, त्यामुळे ८-१० तासांत पोटभर पिऊन घेतो. मातीत तसं नसतं. ओल्या मातीचा कण जिथं दाण्याला टेकलाय तेवढ्याच जागेतून पाणी मिळतं, बाकीकडं हवा, फटी, बारीक ढेकळं. म्हणून जे काम पाण्यात एका रात्रीत होतं त्याला मातीत एक-दोन दिवस लागतात, ओल बेताची असली तर त्याहून जास्त.

आता हे आपल्या रानात आणून बघा. हस्ताचा पाऊस पडला, चार-पाच दिवसांनी वाफसा आला, तुम्ही चाड्यावर मूठ धरली, आणि त्याच दुपारपासून ऑक्टोबरच्या उन्हानं वरची माती तापून सुकायला लागते. काळ्या रानात वरची दोन बोटं माती बघता बघता पांढुरकी पडते, आणि ओल रोज थोडी थोडी खाली सरकते. आपण बी टाकलेलं असतं ५ सेंटीमीटरवर. म्हणजे दाणा एकीकडं पाणी पितोय आणि दुसरीकडं त्याच्या अंगाखालची ओल निघून चाललीय, ही शर्यत आहे. भिजवलेलं बी ह्या शर्यतीत एक-दीड दिवस, कधी दोन दिवस आधी सुटतं. त्याचं मूळ ओल खाली जायच्या आत तिच्यात घुसतं आणि मग तिच्या मागं मागं खाली जातं. भिजवण्याचा सगळा फायदा ह्या दीड-दोन दिवसांत आहे. त्यात ताकदीचं औषध नाही, खत नाही. ज्यांना वाटतं भिजवल्यानं कणसं मोठी होतात त्यांनी हे नीट लक्षात घ्यावं, कणीस मोठं होतं ते रोप वेळेवर आणि एकसारखं आलं म्हणून.

एक हिशेब सांगतो, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. कोरडवाहू ज्वारीला शिफारस हेक्टरी १० किलो बियाण्याची आहे, म्हणजे एकरी ४ किलो. मालदांडी ह्या वाणाचे हजार दाणे साधारण ३३-३४ ग्रॅम भरतात, म्हणजे ४ किलोत जवळजवळ १ लाख २० हजार दाणे आले. आणि ४५ बाय १५ सेंटीमीटरवर एकरात ताटं ठेवायची असतात ५९-६० हजार. म्हणजे निम्मं बी आपण आधीच धरून चाललोय की हे उगवणार नाही, किंवा उगवलं तरी विरळणीत उपटून टाकायचंय. तरी पण दरवर्षी रानात हातहातभर नांगे, म्हणजे रिकाम्या जागा दिसतात, आणि शेजारच्या फुटात एका जागी चार चार ताटं एकमेकांना खातायत. बी कमी पडत नाही, उगवण मागं-पुढं होते. एक दाणा चौथ्या दिवशी वर येतो, दुसरा आठव्या दिवशी, तिसरा येतच नाही. आठव्या दिवशी आलेलं ताट पुढच्याच्या सावलीत राहतं आणि शेवटी त्याला बोटभर कणीस लागतं. शिवाय खोडमाशी लहान रोपावरच येते, उगवल्यापासून साधारण चार आठवड्यांपर्यंत, मग उगवण जेवढी लांबली तेवढे दिवस तिला तुमच्या रानात कोवळं खाणं मिळत राहतं. भिजवलेल्या बियाचा मी बघितलेला सगळ्यात मोठा फायदा हाच, की सगळं रान एका दमात वर येतं.

ही गोष्ट नवी पण नाही. १९९० च्या दशकात वेल्समधल्या बँगोर विद्यापीठाचे डेव्ह हॅरिस आणि त्यांच्या बरोबरचे लोक दाहोद, झाबुआ, बांसवाडा ह्या पट्ट्यात, म्हणजे आपल्या नंदुरबारच्या जवळच, भिल्ल आदिवासी शेतकऱ्यांबरोबर हेच काम करत होते, मका, वरकस भात आणि हरभऱ्यावर. त्यांची पद्धत मला आवडते ती अशी की बी शेतकऱ्याचं, रान शेतकऱ्याचं, अर्ध्या तुकड्यात भिजवलेलं आणि अर्ध्यात कोरडं पेरायचं आणि शेवटी मत शेतकऱ्यानंच द्यायचं. लोकांनी सांगितलं ते हेच: लवकर उगवलं, जोमात वाढलं, फुलोरा लवकर आला, काढणी काही दिवस आधी झाली. ज्वारीवर त्याच माणसानं त्याच्याआधी आफ्रिकेत बोट्सवानात काम केलेलं होतं, तिथंही कमी पावसाचं रान. त्यांनी ह्यात एक कामाचा विचार मांडला, सुरक्षित मर्यादेचा, आणि तो समजला नाही तर भिजवायच्या भानगडीत पडूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

सुरक्षित मर्यादा म्हणजे असं: बी काही तासांपर्यंत भिजवून बाहेर काढलं तर ते थांबतं, पुढं पाणी मिळाल्याशिवाय मोड येत नाही. पण एका ठरावीक तासांच्या पुढं भिजवलं की मग बाहेर काढलं तरी ते थांबत नाही, आत घेतलेल्या पाण्यावरच त्याला मोड येतो. पहिल्या जातीचं बी म्हणजे भिजवलेलं बी, हे पेरायला उशीर झाला तरी तग धरतं. दुसऱ्या जातीचं म्हणजे मोड आलेलं बी, ते आता घरात पण राहत नाही आणि कोरड्या मातीत पण राहत नाही. आपल्याला पहिलंच पाहिजे. मी ज्वारीला ८ तास सांगतो, १० च्या वर जाऊ नका. गहू १० ते १२. घरची देशी मका १२ ते १६. बाजरी बारीक आहे, ६ ते ८ पुष्कळ झाले. पण हे आकडे सगळीकडं एकच असतात असं नाही, थंडीत पाणी गार असतं तेव्हा जास्त वेळ लागतो, मालदांडीसारखा टणक मोत्यासारखा दाणा हळू पितो, मऊ दाणा लवकर.

म्हणून घरी एक परीक्षा घ्या, पेरणीच्या आठ-दहा दिवस आधी. सहा पेले घ्या, प्रत्येकात मोजून शंभर दाणे, आणि ४, ६, ८, १०, १२ आणि १६ तास असं वेगवेगळं भिजवा. काढल्यावर फडक्यानं वरचं पाणी टिपा, कागदाच्या पुडीत बांधून पुडीवर तास लिहा आणि दोन दिवस घरातच सावलीला ठेवा, पाणी द्यायचं नाही. तिसऱ्या दिवशी पुड्या सोडून बघा. ज्या पुडीत पांढरं टोक दिसतंय ती मर्यादेच्या बाहेर गेली. मोड न आलेली सगळ्यात जास्त तासांची पुडी ती तुमची मर्यादा, त्यातून एक-दोन तास कमी करायचे आणि तेवढंच भिजवायचं. आणि त्याच वेळी न भिजवलेले शंभर दाणे ओल्या बारदानात गुंडाळून उगवण पण तपासून घ्या, ज्वारी ७५ च्या खाली आणि गहू ८५ च्या खाली असेल तर ते बी बदला, प्रमाणित बियाण्याची किमान मर्यादा तीच आहे. मेलेलं बी भिजवून जिवंत होत नाही, उलट किडकं-फुटकं बी पाण्यात टाकलं की त्यातली साखर बाहेर गळते आणि पाण्याला वास मारायला लागतो.

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते. समजा उद्या सकाळी ९ ला पेरणी धरायचीय. मग आज रात्री १० च्या सुमाराला भिजत घालायचं आणि सकाळी ६ ला काढायचं, म्हणजे बरोबर ८ तास. एक दिवसात जेवढं पेरून होईल तेवढंच भिजवायचं, जास्त नाही. ४ किलो ज्वारीला पाच-सहा लिटर पाणी लागतं, बी पाण्याखाली चार बोटं बुडालं पाहिजे. पाणी गोडं घ्या. आपल्याकडं बऱ्याच बोअरचं पाणी मचूळ आहे, त्यात बी भिजवलं की क्षारामुळं दाणा पाणी कमी ओढतो आणि वर कोंबाला पण मार बसतो, त्यापेक्षा पिण्याच्या पाण्याची एक घागर खर्ची घाला. टाकल्यावर हातानं ढवळून पाच मिनिटं थांबा, वर तरंगतं ते पोचट, ते काढून टाका. पोत्यात भिजवत असाल तर पोतं अर्धंच भरा कारण बी फुगतं, गच्च भरलं तर मधल्या दाण्यांना पाणीच पोचत नाही.

सकाळी काढल्यावर एक दाणा घेऊन नखानं दाबून बघा. आदल्या दिवशी नख घसरत होतं, आता ते रुततं. दाताखाली धरला तर कट्ट वाजत नाही, चिवट लागतो. आणि ब्लेडनं उभा कापला तर गर्भाचं टोक फुगून थोडं पिवळसर-ओलं दिसतं, मधलं पीठ मात्र अजून पांढरं असतं. एवढंच पाहिजे. सालीला चीर पडून आतून पांढरा ठिपका डोकावत असेल तर तास जास्त झाले. मग पाणी निथळून बारदानावर किंवा गोणपाटावर पातळ पसरवा, सावलीत, वाऱ्याला, उन्हात नाही, आणि अधूनमधून हात फिरवा. दोन तासांत वरचं पाणी उडतं. मूठ भरून सोडली आणि हाताला दाणा चिकटला नाही की तयार. ४ किलोचं वजन तोपर्यंत पाच-सव्वापाच किलोच्या घरात गेलेलं असतं, हे पाभरीच्या वेळी लक्षात ठेवायचंय.

इथं मी माझ्याच हातानं झालेलं नुकसान सांगतो. वीसेक वर्षं झाली, चुलत्यांचं नऊ एकर रान, माणसं-बैलं ठरलेली, म्हणून मी एकदमच ३६ किलो ज्वारी भिजत घातली, आणि लवकर उगवेल म्हणून संध्याकाळी ५ लाच टाकली, म्हणजे सकाळपर्यंत १३ तास झाले. पहाटे तीनला पाऊस आला, चांगला तासभर. सकाळी रानात पाय ठेवायची सोय नाही, चिखल, वाफसा यायला चार दिवस. बी पसरायला घरात जागा कमी, ओसरीत जाड थर टाकला, त्या थराला आतून ऊब सुटली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हात घातला तर सगळीकडं मोड. त्यातलं अर्धं तशाच मोडासकट पेरून बघितलं, चाड्यात आणि नळ्यात मोड तुटत होते, रानात पंचवीस टक्के पण आलं नाही. ८ तासांवर काढलं असतं आणि पातळ पसरलं असतं तर ते बी सुकवून ठेवता आलं असतं. चुलते काही बोलले नाहीत पण मला ती ओसरी अजून आठवते. आणि एक, अशी मोड आलेली ज्वारी जनावराला घालू नका. ज्वारीच्या कोवळ्या कोंबात किरळीचं विष असतं, हायड्रोसायनिक आम्ल, गाय-बैल दगावू शकतो. ती उकिरड्यात खोल पुरायची.

त्यामुळे पावसाचं लक्षण दिसत असेल तर भिजवणं एक दिवस पुढं ढकला. आणि भिजवून झालंच आणि पेरणी थांबली, तर लगेच सावलीत एकदम पातळ पसरून पूर्ण सुकवा, पहिल्या वजनाला आलं पाहिजे, मग ते दोन-चार दिवस राहतं. कोइम्बतूरच्या तामिळनाडू कृषी विद्यापीठाची कोरडवाहू ज्वारीची शिफारसच तशी आहे, भिजवून परत पहिल्या ओलाव्यापर्यंत सुकवायचं आणि मग पेरायचं, त्याला आपण बी कणखर करणं म्हणतो. ताज्या भिजवलेल्याएवढी घाई त्यात मिळत नाही पण जोखीम कमी होते.

पाण्यात काय टाकायचं, हे मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. माझं उत्तर: पहिल्या वर्षी काही नाही. बँगोरवाल्यांचं सगळं काम सुरुवातीला साध्या पाण्यावरच झालं आणि मुख्य फायदा पाण्याचाच असतो. त्यानंतर करून बघायचं असेल तर तामिळनाडूची जी ज्वारीची शिफारस सांगितली त्यात पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेटचं २ टक्क्यांचं पाणी, ६ तास, किलोला ३५० मिली असं आहे. पाकिस्तानात पेशावरकडं जस्ताची कमी असलेल्या जमिनीत झिंक सल्फेटच्या पाण्यात मका आणि गहू भिजवून चांगले परिणाम आले, मक्याला १ टक्का आणि गव्हाला ०.३ टक्के. गव्हाला मक्याचं प्रमाण वापरलं तर उगवणीला मार बसू शकतो, म्हणून तोलून घ्यायचं, चिमटीनं नाही. बीजामृत, म्हणजे शेण-गोमूत्राचं पाणी, करणारे करतात, त्याला माझी हरकत नाही, ते बियावर शिंपडून सुकवायचं असतं. पण नुसतं गोमूत्र ओतून रात्रभर बी ठेवणारे पण मी बघितलेत, त्यानं कोंब जळतो. आणि युरिया तर अजिबात नाही.

औषध आधी का नंतर? नंतर. आधी चोळलं तर ते रात्रीत पाण्यात धुऊन जाणार, आणि ते पाणी तुम्ही परसात ओतणार, तिथं कोंबड्या-शेरडं फिरतात. क्रम असा: भिजवा, सावलीत हाताला न चिकटण्याइतपत सुकवा, मग ज्वारीला काणीसाठी ३०० मेश (बारीक भुकटीचं) गंधक, किलोला ४ ग्रॅम, नीट चोळा. काणी म्हणजे कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी, तिचे बीजाणू बियाच्या सालीवर बसून येतात आणि गंधकानं ती पूर्ण थांबते, इतकं स्वस्त आणि इतकं हमखास औषध दुसरं नाही. आमच्या आजोबांच्या वेळेला ह्याच काणीसाठी मोरचुदाच्या पाण्यात ज्वारी बुडवून काढायचे, म्हणजे बी पाण्यात घालायची सवय घरात आधीपासून होती, फक्त कारण वेगळं होतं. खोडमाशीचं कीटकनाशक लावत असाल तर ते गंधकानंतर, लेबलवर लिहिलंय तेवढंच. आणि सगळ्यात शेवटी जिवाणू, अॅझोटोबॅक्टर आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू), प्रत्येकी किलोला २५ ग्रॅम, गुळाच्या पाण्यात कालवून हलक्या हातानं, आणि मग पेरायला न्यायचं. जिवाणू लावून उन्हात ठेवू नका. आता महत्त्वाचं, कंपनीचं लाल-गुलाबी-निळा रंग दिलेलं पिशवीतलं बियाणं असेल तर ते भिजवायचंच नाही. त्यावर बुरशीनाशक-कीटकनाशक लावूनच येतं, हायब्रीड मका-बाजरी सगळी तशीच. भिजवणं हे घरच्या, सरळ वाणाच्या, न रंगवलेल्या बियासाठीच.

गव्हाचं थोडं वेगळं आहे. तुमचा गहू पाण्याखाली आहे, म्हणजे ओल उडायची भीती कमी, मग भिजवायचं कशाला? तर उशीर झाला असेल तेव्हा. बागायती गहू नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरून झाला पाहिजे, त्यानंतर प्रत्येक पंधरवड्याच्या उशिराला हेक्टरी अडीच क्विंटलच्या आसपास उतारा घटतो असं राहुरीचं कृषी विद्यापीठ सांगतं. कांदा निघायला वेळ लागला, ऊस तुटायला उशीर झाला, डिसेंबर उजाडला, अशा वेळी थंडीनं माती गार असते आणि गहू उगवायलाच आठ-दहा दिवस घेतो. तिथं १२ तास भिजवलेला गहू दोन-तीन दिवस आधी वर येतो आणि शेवटी मार्चच्या उन्हात दाणा भरताना ते दोन-तीन दिवस फार कामाला येतात. पण आपल्याकडं बरेच जण कोरड्यात गहू पेरतात आणि वरून पाणी सोडतात, तसं करणार असाल तर भिजवू नका. फुगलेलं बी आणि वर तुंबलेलं पाणी, दोन्ही मिळून हवा बंद होते आणि बी कुजतं. आधी रान भिजवा, वाफशावर कुळवून मग भिजवलेला गहू पेरा. वेळेवर, ५-१० नोव्हेंबरला चांगल्या वाफशावर पेरत असाल तर भिजवलेल्यात आणि कोरड्यात महिन्यानंतर काही फरक राहत नाही, उगाच ५० किलोच्या एकरी गोण्या भिजवायचा उपद्व्याप करू नका.

इथं एक गोंधळ मिटवतो, कारण लोक मिठाच्या पाण्याला पण भिजवणंच समजतात. भाताला ३ टक्के मिठाचं पाणी असतं, १० लिटरला ३०० ग्रॅम, आणि बाजरीला २० टक्के, १० लिटरला २ किलो. पण ते भिजत ठेवायला नसतं. त्यात बी टाकून ढवळायचं, भातात वर तरंगतो तो पोचट-रोगट दाणा आणि बाजरीत अरगट ह्या बुरशी रोगाच्या काळ्या गाठी, त्या काढून जाळायच्या, आणि खालचं बी लगेच दोन-तीनदा साध्या पाण्यानं धुवायचं. २० टक्क्यांच्या पाण्यात बाजरी रात्रभर राहिली तर संपली. आणि कोकणातली भाताची रहू पेरणी, ती तर मुद्दाम मोड आणूनच करतात, दिवसभर भिजवायचं, मग गोणपाटात दाबून एक-दोन दिवस ऊब द्यायची आणि चिखलात फेकायचं. तिथं पाणी कायम आहे म्हणून मोड जगतो. तेच बघून कुणी कोरडवाहू ज्वारीला मोड आणून पेरू नका, दोन्हीची रानं वेगळी आहेत.

अजून कुठं भिजवायचं नाही ते सांगतो. धूळपेरणीत, म्हणजे पावसाआधी कोरड्या रानात पेरताना, कधीच नाही, जागं झालेलं बी कोरड्या धुळीत टाकणं म्हणजे मारणंच. ओल वरच्या बोटभर मातीतच असेल आणि खाली कोरडं असेल तरी नाही, बी उगवेल आणि मूळ खाली जाऊन थांबेल. कुदळ मारून वीतभर खाली मूठभर माती दाबून बघा, लाडू झाला तरच. आणि तुमच्याकडं सोयाबीन किंवा भुईमूग असेल तर त्याला हा प्रयोग लावू नका, सोयाबीनची साल पातळ, पाणी झपाट्यानं आत जातं आणि डाळी आतून फाटतात. हरभऱ्याला मात्र चालतं, ८ तास.

राहिली पाभर. ओलं बी पडतं, पण फुगल्यामुळं एका मुठीत दाणे कमी बसतात, हे पेरणाऱ्या बाईला आधी सांगा, नाहीतर ती नेहमीच्या सवयीनं सोडत जाते आणि रान पातळ होतं. हिशेब कोरड्या वजनानं धरा, एकरी ४ किलो कोरडं तोलून मग भिजवलेलं, ते बरोबर एका एकरातच संपलं पाहिजे. ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राला तबकडी किंवा गेट थोडं मोकळं करावं लागतं, घरच्या अंगणात चाक वीस फेरे फिरवून खाली पडलेलं बी मोजा आणि मगच रानात घाला. बी जरा जरी चिकट असलं तर नळ्यात अडकतं, एक नळी बंद राहिली तर अख्खं तास, म्हणजे ओळ, रिकामं जातं आणि ते आठ दिवसांनी कळतं, म्हणून दर फेऱ्याला मागं वळून नळ्या बघायला एक माणूस ठेवा. दुपारी बी रानात नेताना ओल्या गोणपाटानं झाकून बाभळीच्या सावलीत ठेवा. पाभरीमागं लगेच रासणी, माती दाण्यावर दाबली गेली पाहिजे, उघड्या फटीत पडलेलं भिजवलेलं बी कोरड्या बियापेक्षा लवकर मरतं.

आणि पहिल्या वर्षी आठही एकर भिजवून पेरू नका. मधल्या सपाट, एकसारख्या पट्टीत चार फेरे भिजवलेलं, चार फेरे कोरडं, परत चार भिजवलेलं, असं आलटून पालटून पेरा आणि प्रत्येकाला बांधाशी खुंटी मारून ठेवा. दोन्हीला तोच वाण, तेच गंधक, त्याच दिवशी. पाचव्या, सातव्या आणि दहाव्या दिवशी सकाळी दहा फूट तासातली रोपं मोजा, एकाच जागी नाही, तीन-चार जागी, आणि वहीत लिहा. आमच्या रानात कमी ओलीच्या वर्षी भिजवलेली तासं चौथ्या-पाचव्या दिवशी हिरवी रेघ दाखवायची आणि शेजारची सहा-सातव्या दिवशी तुटक तुटक यायची, आणि हस्त-चित्रा दोन्ही बरसलेल्या वर्षी मात्र पंधरा दिवसांनी कुठलं तास कुठलं ते खुंटी बघितल्याशिवाय मला पण सांगता यायचं नाही. तुमच्या रानाचे आकडे काय येतात ते काढणीपर्यंत ठेवा, कडबा पण वेगळा तोला, कारण रब्बी ज्वारीत कडब्याचा पैसा दाण्याच्या बरोबरीनं असतो आणि एकसारख्या उगवलेल्या रानाचा कडबा नेहमी जास्त भरतो.